थांबा, अजून एक हाय!

जुळ्यांच्या जन्माच्या गोष्टी जगातल्या बहुतेक जुन्या ग्रंथांत सापडतात. श्रोते हो, या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकतो आणि पुढे सरकतो. पण त्या जरा थांबून वाचल्या की एक साधा प्रश्न पडतो. पोटात दोन आहेत, हे त्या आईला कळलं कधी?

बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकात तामारचं बाळंतपण आहे. कळा सुरू झाल्यावर जुळं असल्याचं ध्यानात येतं. आधी एक हात बाहेर येतो. सुईण चटकन त्या हाताला लाल सूत बांधते, म्हणजे पहिला कोण याची खूण राहावी. पण तो हात आत जातो आणि भलताच भाऊ आधी जन्माला येतो. आजच्या कुठल्याही प्रसूतितज्ज्ञाला हे वर्णन वाचून धडकी भरेल, कारण आधी हात बाहेर येणं म्हणजे मूल आडवं. त्याच पुस्तकात रिबेकाच्या पोटात दोन मुलं भांडतात. त्या आईला काय चाललंय ते समजत नाही आणि ती थेट ईश्वरालाच विचारते. आमच्या घरात दादी हीच गोष्ट सांगायची, फक्त तिच्या गोष्टीत भावांची नावं ईस आणि याकूब. रामायणाच्या उत्तरकांडात लव-कुशांचा जन्म होतो, तेव्हा वाल्मीकी आश्रमातल्या वृद्ध स्त्रियांना दर्भ देतात. आधी जन्मलेल्याला कुशाने पुसायचं, नंतरच्याला दर्भाच्या खालच्या भागाने, म्हणजे लवाने. त्यावरून मुलांची नावं पडली. एकीकडे लाल सूत, दुसरीकडे दर्भ. पहिला कोण आणि दुसरा कोण, याची नोंद ठेवायची जबाबदारी दोन्हीकडे बायकांवरच.

मी कविता लिहिणारी बाई. मराठी विषय घेऊन बी.ए. झाले. वैद्यकाशी माझा संबंध एवढाच, की १९९५ साली मला जुळ्या मुली झाल्या आणि त्याच्या आधीच्या काही आठवड्यांत मी जितकी घाबरले तितकी पुन्हा कधी घाबरले नाही. त्यानंतर मिळेल ते वाचत गेले. राजांच्या जन्माचा इतिहास पुस्तकांतून मिळतो, पण बायकांच्या शेवटच्या महिन्याचा इतिहास इकडून तिकडून वेचावा लागतो.

आपल्याकडे तो सुश्रुत आणि चरक यांच्यापासून वेचता येतो. चरकाने जुळं होण्याचं कारण वायूवर टाकलं आहे. बीजाचे वायूने दोन भाग केले की दोन गर्भ. सुश्रुत मात्र पोटाकडे बघतो. ज्या गर्भिणीचं पोट मध्ये द्रोणीसारखं खोलगट दिसतं, तिला जुळं होणार, असं त्याचं म्हणणं आहे. हा तर्क आज टिकणार नाही, पण कुणीतरी पोटं निरखत होतं, हे महत्त्वाचं. चरकसंहितेत नवव्या महिन्याच्या आधी सूतिकागार बांधून ठेवायला सांगितलं आहे, आणि प्रसूती जवळ आल्याच्या खुणा दिल्या आहेत. अंग गळून जातं, चेहरा उतरतो, छातीवरचं बंधन सुटल्यासारखं वाटतं, कमरेखाली जडपणा येतो, ओटीपोटात आणि कमरेत दुखतं, अन्नावरची वासना उडते. मी हे वाचलं तेव्हा माझ्या मुली शाळेत जाऊ लागल्या होत्या. पण वाचताना मला माझीच ती रात्र आठवली. छातीवरचं बंधन सुटणं हा शब्दप्रयोग कुणा बाईनेच त्या वैद्याला सांगितला असणार, असं मला आजही वाटतं.

दहाव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमधल्या कुर्तुबा शहरापाशी अल्-जहरावी नावाचा शल्यवैद्य होऊन गेला. त्याने आपल्या मोठ्या ग्रंथात आडव्यातिडव्या आलेल्या मुलाला कसं सोडवायचं हे सुईणींना शिकवण्यासाठी वेगळं लिहिलं. पुरुष वैद्य लिहिणार आणि सुईण हात घालणार, अशी ती विभागणी होती.

आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावात मात्र सुईणीला शिकवायला कुणी ग्रंथ लिहिला नव्हता. तिचं ज्ञान तिच्या तळहातात. गल्लीत हिंदू असो, मुसलमान असो, सगळ्यांची बाळंतपणं एकच म्हातारी करायची. जुळ्याबद्दल गावाची समजूत एवढीच, की एका सालीतली दोन केळी खाल्ली की जुळं होतं. माझ्या अम्मीच्या थोरल्या बहिणीचं, म्हणजे माझ्या खालाचं पहिलं बाळंतपण १९५८ साली घरीच झालं. पोट मोठं होतं, पायांना सूज होती, आठव्या महिन्यातच उताणं झोपवेनासं झालं होतं. ‘मुलगा दांडगा आहे’ असं सगळे म्हणत. मुलगा झाला, नाळ कापली, घरात आनंद झाला, नानाने बाहेर अजान देण्यासाठी वुजू केलं. वार पडायची वाट बघत सुईणीने खालाच्या पोटावर हात ठेवला आणि तो तसाच राहिला. मग ती म्हणाली, ‘‘थांबा, अजून एक हाय!’’

हे वाक्य आमच्या घरात पुढे विनोदासारखं वापरलं जाई. पंगतीत ताट कमी पडलं की कुणीतरी ते म्हणायचंच. पण खाला त्यावर कधी हसली नाही. दुसरी मुलगी होती, पायाळू. तासाभराने आली, उशिरा रडली आणि फजरच्या अजानपर्यंतच राहिली. ती आधीपासून माहीत असती तर काय झालं असतं, हे कोण सांगणार? जवळचा मोठा दवाखाना चाळीस मैलांवर होता.

त्या वेळेला, १९५८ साली, जगात मात्र या प्रश्नाचं उत्तर शोधणं बरंच पुढे गेलं होतं. त्याची सुरुवात पॅरिसमध्ये झाली होती. लेनेकने १८१६ साली स्टेथोस्कोप तयार केला, तो छातीसाठी. त्याचा एक मित्र केरगाराडेक याने गर्भवतीच्या पोटावर तो लावला. त्याला गर्भजलात मूल हलल्याचा आवाज ऐकायचा होता, आणि कानावर पडले ते बाळाच्या हृदयाचे ठोके. १८२१ साली त्याने पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे हे मांडलं आणि सोबत एक सूचनाही केली, की दोन ठिकाणी वेगवेगळे ठोके ऐकू आले तर जुळं ओळखता येईल. पुढे १८९५ साली पिनार या फ्रेंच डॉक्टरने छोट्या कर्ण्यासारखं नळकांडं काढलं. आपल्याकडच्या जुन्या नर्सबाईंच्या पिशवीत ते अगदी परवापरवापर्यंत असायचं. पण दोन ठोके वेगळे ओळखणं भल्याभल्यांना जमत नसे. एकाच हृदयाचा आवाज पोटभर घुमतो.

मग आला एक्स-रे. दोन डोकी, दोन पाठीचे कणे काळ्या-पांढऱ्यात स्पष्ट. युरोप-अमेरिकेत शेवटच्या महिन्यांत पोट जरा जास्त मोठं दिसलं की एक्स-रे काढण्याची पद्धत पडली, आणि साहजिकच जुळ्यांच्या वाट्याला तो इतरांपेक्षा कितीतरी जास्त आला. इथे ॲलिस स्टुअर्ट या ब्रिटिश डॉक्टर बाईंचं नाव घ्यायला हवं. कॅन्सरने गेलेल्या मुलांच्या आयांना त्यांनी प्रश्नावल्या पाठवल्या, आणि १९५६ ते ५८ या काळात दाखवून दिलं की पोटात असताना एक्स-रे झालेल्या मुलांत कॅन्सरचं प्रमाण जास्त आहे. वैद्यकातल्या मोठ्या मंडळींनी ते वर्षानुवर्षं मानलं नाही. ज्या बायकांचा एक्स-रे काढला त्यांच्यात आधीच काहीतरी बिघाड असेल, असं ते म्हणत. या वादात उपयोगी पडली ती जुळीच. त्यांचा एक्स-रे आजारासाठी नव्हे, बहुतेक वेळा नुसता ‘एक की दोन’ एवढं बघायला काढलेला असे. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या जुळ्यांच्या नोंदी तपासून १९८५ साली जे संशोधन प्रसिद्ध झालं, त्याने स्टुअर्टबाईंच्या म्हणण्याला बळ दिलं.

तोवर एक्स-रेची गरजही संपत आली होती. ग्लासगोमध्ये इयन डोनाल्ड यांनी जहाजांच्या कारखान्यातलं, धातूतली चीर शोधणारं ध्वनिलहरींचं यंत्र माणसाच्या पोटाकडे वळवलं. टॉम ब्राउन हा तरुण अभियंता आणि डॉक्टर मॅकव्हिकर यांच्यासह त्यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला, तो १९५८ साली. माझ्या खालाचं बाळंतपण झालं, तेच हे वर्ष.

आमच्या भागात सोनोग्राफी यायला मग तीसेक वर्षं गेली, आणि आली ती वेगळंच काम घेऊन. जुळं, आडवं मूल, खाली सरकलेली वार, हे सगळं दाखवणारं यंत्र ‘मुलगी आहे का’ एवढंच सांगण्यासाठी राबवलं जाऊ लागलं. महाराष्ट्राने १९८८ साली त्याविरुद्ध कायदा केला, देशात तो पहिला. देशाचा कायदा १९९४चा. माझी तपासणी त्यानंतरची, सहाव्या महिन्यातली. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून म्हटलं, ‘‘हे एक डोकं आणि हे दुसरं.’’ सासूबाई बाहेर आल्यावर एवढंच म्हणाल्या, ‘‘दोन पाळणे कुठे टांगायचे?’’

दोन आहेत हे कळलं की पुढे काय करायचं, हा खरा प्रश्न. जुळी बहुधा लवकर येतात. नऊ महिने भरण्याआधी, म्हणजे सदतीस आठवड्यांच्या आत येणारी जुळी निम्म्याहून अधिक असतात. गर्भाशय ताणलेलं, फसव्या कळा सतत. १८७२ साली ब्रॅक्स्टन हिक्स या डॉक्टरने या कळांचं वर्णन केलं, म्हणून त्या त्याच्या नावाने ओळखल्या जातात. खऱ्या कळा ठरावीक अंतराने येतात आणि ते अंतर कमी होत जातं. फसव्या कळा कूस बदलली, पाणी प्यालं की विरतात. हे कागदावर सोपं आहे. जुळ्यांच्या आईला रात्री दोन वाजता घड्याळाकडे बघत बसावं लागतं, तेव्हा ते इतकं सोपं नसतं.

मला सांगितलं गेलं, ‘‘आता उठायचं नाही.’’ तीसाव्या आठवड्यापासून मी पलंगावर. उशाला खिडकी, पायांखाली विटा लावून उंच केलेला पलंग. पाठीला रग, पायांत गोळे, आणि घरातलं प्रत्येक माणूस येता-जाता ‘हलू नकोस’ म्हणणारं. त्या काळी सगळ्या जगात जुळ्यांच्या आयांना असंच झोपवून ठेवत. काही देशांत तर त्यासाठी आठवडेच्या आठवडे रुग्णालयात भरती करत. हे पोटतिडकीने केलं जाई, पण तपासून कुणी पाहिलं होतं? झिंबाब्वेतल्या हरारे शहरात पाहिलं. बत्तीस आठवड्यांनंतर काही बायकांना रुग्णालयात झोपवून ठेवलं आणि काहींना आपापल्या घरी नेहमीसारखं राहू दिलं. कुणी कुठे, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. १९८५ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आला. झोपवून ठेवल्याने मुदतीआधीचं बाळंतपण टळलं नाही, उलट त्या गटात ते जास्तच दिसलं. म्हणजे माझा पलंग विटांवर चढला त्याच्या दहा वर्षं आधीच हे माहीत झालेलं होतं! हरारेहून आमच्या तालुक्यापर्यंत यायला त्याला वेळ लागला, इतकंच. विश्रांती वाईट नव्हे. पोट जड झाल्यावर दुपारी आडवं व्हावंसं वाटतंच. पण खिळून राहणं वेगळं.

मी खिळून राहूनही चौतिसाव्या आठवड्यातच कळा आल्या. आधी नुसती कंबर धरली. मला वाटलं पलंगाने धरली असेल. मग पाणमोट फुटली. यजमानांनी शेजारच्यांची जीप आणली, आणि अम्मी मागे माझं डोकं मांडीवर घेऊन बसली. सोलापूरपर्यंतच्या रस्त्यात ती तस्बीहचे मणी ओढत होती आणि मी प्रत्येक कळेला विजेचे खांब मोजत होते.

थोरली डोकं खाली करून होती, ती पहाटे आली. एक किलो आठशे ग्रॅम. धाकटी तोवर ऐसपैस जागा मिळाल्यामुळे आडवी झाली. जुळ्यांच्या बाळंतपणातला अवघड घाट हाच. पहिलं मूल गेल्यावर दुसरं कुठे वळेल याचा नेम नसतो, आणि वार सुटायला लागली तर वेळही नसतो. डॉक्टर बाईंनी आत हात घालून तिचे पाय शोधले आणि तिला फिरवून पायांनी ओढून घेतलं. ही युक्ती प्राचीन ग्रीक वैद्यांना ठाऊक होती. सोळाव्या शतकात पारे या फ्रेंच शल्यवैद्याने ती पुन्हा प्रचारात आणली. आज ती जवळपास एकाच जागी उरली आहे, जुळ्यातल्या दुसऱ्यासाठी. बावीस मिनिटांनी धाकटी आली. एक किलो सहाशे. तिला पाहताना मला खालाची ती मुलगी आठवली, जिला मी कधी पाहिलं नव्हतं.

त्रास मात्र थोरलीला झाला. श्वास घेताना कण्हायची. चार दिवस काचेच्या पेटीत, नाकाशी ऑक्सिजन. फुफ्फुसं पिकलेली नव्हती. यावरचा इलाज तेव्हा जगाला सापडून वीस वर्षं होऊन गेली होती. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड इथे लिगिन्स नावाचे डॉक्टर मेंढ्यांवर प्रयोग करत होते. स्टिरॉइड दिल्यावर फार लवकर जन्मलेलं एक कोकरू रात्रीत मरणार असं धरून चालले होते, ते सकाळीही श्वास घेत होतं. त्यावरून लिगिन्स आणि हाउवी यांनी गर्भवती स्त्रियांना इंजेक्शन देऊन पाहिलं आणि १९७२ साली दाखवलं, की मुदतीआधी येणाऱ्या बाळांची फुफ्फुसं त्याने सावरतात. औषध स्वस्त. तरी ते सर्रास द्यायला सुरुवात व्हायला १९९४ साल उजाडावं लागलं. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या परिषदेने तेव्हा ठामपणे शिफारस केली. आमच्या गावच्या दवाखान्यात मला ते कुणी दिलं नाही. थोरली वाचली. शेजारच्या पेटीतलं बाळ वाचलं नाही.

पण हीही गोष्ट सरळ नाही. हे इंजेक्शन खेड्यापाड्यांत सगळीकडे पोचवावं, म्हणून सहा देशांत मोठी चाचणी झाली, आणि भारतातली ठिकाणं होती बेळगाव आणि नागपूर. २०१४ साली निष्कर्ष जाहीर झाले, तेव्हा सगळे चक्रावले. बालमृत्यू घटण्याऐवजी थोडे वाढलेच होते. अनेकींना इंजेक्शन दिलं गेलं आणि त्यांची बाळंतपणं पुढे वेळेवर झाली. म्हणजे महिने नेमके मोजलेच गेले नव्हते. मग जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत पुन्हा तपासलं. तिथे सोनोग्राफीने आठवडे पक्के मोजले, बाळाला सांभाळायची सोय पाहिली, आणि २०२० साली स्पष्ट झालं की अशा ठिकाणी हे औषध जीव वाचवतं. औषध तेच होतं. म्हणून मी ओळखीतल्या प्रत्येक सुनेला सांगते, पहिली सोनोग्राफी लवकर करा आणि तो कागद जपून ठेवा. जुळं असेल तर दोघांची वार एक की दोन, हेही त्याच सुरुवातीच्या तपासणीत नीट कळतं, आणि बाळंतपण कधी करायचं ते पुष्कळसं त्यावर ठरतं.

खालाच्या सुईणीबद्दल एक सांगायचं राहिलं. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणारं अर्गोमेट्रिन हे औषध १९३५ साली वेगळं करण्यात आलं आणि त्याने असंख्य आया वाचल्या. पुढे पुढे बाळाचे खांदे बाहेर येताच इंजेक्शन टोचायची पद्धत रुळली. पण आत न कळलेलं दुसरं बाळ असेल तर? गर्भाशय आवळून बसतं आणि ते बाळ आत कोंडतं. म्हणून रक्तस्राव रोखणारं इंजेक्शन देण्याआधी आईच्या पोटावर हात ठेवून दुसरं बाळ नाही ना याची खात्री करा, असं आज नर्सबाईंना शिकवलं जातं. त्या म्हातारीने नेमकं हेच केलं होतं.

राहता राहिला शस्त्रक्रियेचा प्रश्न. जुळं म्हटलं की पोट फाडायचंच, असा आता समज झाला आहे. पंचवीस देशांतल्या सुमारे २,८०० स्त्रियांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या बाळाचं डोकं खाली असेल आणि अनुभवी हात हजर असतील, तर ठरवून सिझेरियन केल्याने बाळांचा काही जास्त फायदा झालेला त्यात दिसला नाही. अडचण आहे ती अनुभवी हातांची. माझ्या धाकटीला फिरवून काढणाऱ्या डॉक्टर बाई आता निवृत्त आहेत. मागे एका लग्नात भेटल्या, तेव्हा म्हणाल्या की नव्या मुलींना हे बघायलाच मिळत नाही. म्हणून त्या महिन्यातून एकदा जातात आणि कापडी पिशवीत बाहुली घालून, डोळे मिटून तिचे पाय शोधायला शिकवतात. पाय आणि हात आतल्या आत ओळखायचे तर टाच चाचपायची, म्हणाल्या, हाताला टाच नसते.